निष्पर्ण म्हणजे निष्प्राण नव्हे

फाल्गुन मास हा वृक्षांच्या वनवासाचा काळ होय. माघातली थंडी ओसरते न ओसरते तोच पानगळीला जोर चढतो. डोंगरउतारावरचे साग आणि सालई उघडे पडतात, नदीकाठचा पिंपळ आठ-दहा दिवसांत ओकाबोका होतो आणि देवळाच्या आवारातला पांढरा चाफा एखाद्या कृश तपस्व्यासारखा नुसत्या हाडाकाड्यांनिशी उभा राहतो. नेमक्या याच पंधरवड्यात होळीसाठी लाकडे जमविणारी मुले कुऱ्हाडी-कोयते घेऊन गावाबाहेर पडतात. त्यांना हटकावे, तर त्यांचे उत्तर ठरलेले असते : "बुवा, ओलं झाड आम्ही तोडत नाही. वाळलेलंच नेतो."

हे उत्तर खोटे नसते. ओल्या झाडाला हात लावू नये, हा संस्कार आपल्या समाजात अद्यापि टिकून आहे, ही समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे. परंतु वाळलेले कोणते आणि निजलेले कोणते, याची पारख मात्र उरलेली नाही. पाने नाहीत म्हणजे प्राण नाही, असा सरळ हिशेब मांडला जातो आणि जे झाड आणखी तीन महिन्यांनी पालवणार होते, ते पौर्णिमेच्या रात्री भस्मसात होते. संस्कार शाबूत असून केवळ ज्ञानाच्या अभावी हातून हिंसा घडावी, यासारखी खेदाची गोष्ट दुसरी नाही. म्हणून या सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे एवढाच विषय मांडावयाचा आहे की, झाड निरोगी आहे, निद्रिस्त आहे की मरणपंथाला लागले आहे, हे कसे ओळखावे आणि ते ओळखल्यावाचून कुऱ्हाड का उचलू नये.

संशय आणि निर्णय

आपल्या न्यायशास्त्रात संशयाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात दूर काहीतरी उभे दिसते. तो झाडाचा खुंट आहे की माणूस आहे? संस्कृतात अशा खुंटाला 'स्थाणु' म्हणतात. उंची दोघांची सारखी आणि उभे राहणेही सारखे. समान धर्म तेवढे दिसले आणि वेगळेपणाची खूण दिसली नाही, की संशय उत्पन्न होतो. हात-पाय दिसले तर तो माणूस. ढोली, सालीच्या वळ्या दिसल्या तर तो खुंट. तात्पर्य, विशेष धर्माचे दर्शन झाल्याखेरीज निर्णय करावयाचा नाही, ही शास्त्रकारांची शिस्त आहे.

फाल्गुनात आपल्यापुढे याच जातीचा संशय उभा असतो. निष्पर्णता हा मेलेल्या आणि निजलेल्या झाडांचा समान धर्म आहे. तेवढ्यावरून 'हे मेले' असा निर्णय देणे म्हणजे खुंट समजून माणसावर घाव घालण्यासारखे आहे. विशेष धर्म शोधले पाहिजेत, आणि ते शोधावयाला फार मोठी विद्या लागत नाही. नख, डोळा आणि थोडा धीर एवढी साधने पुरेशी आहेत.

प्रथम झाड पाने का गाळते, हे समजून घेतले पाहिजे. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून झाडातले पाणी अखंड वाफ होऊन जात असते. उन्हाळ्यात जमिनीतील ओल आटू लागली की हा खर्च परवडत नाही. तेव्हा पानझडी वृक्ष पानांतील नत्रासारखी उपयुक्त द्रव्ये बरीचशी फांद्यांत आणि खोडात परत ओढून घेतो, देठाच्या बुडाशी एक विलगतेचा थर तयार करतो आणि मग पान सोडून देतो. पान गळणे हे झाडाने स्वतः केलेले कृत्य आहे, आणि कृत्य करावयाला कर्ता जिवंत लागतो. आवराआवर करून, दिवा मालवून निजलेल्या गृहस्थाचे ते घर असते.

ही निद्राही सर्वांची सारखी नसते. पिंपळाची निद्रा अल्प. जुनी पाने झडतात न झडतात तोच तांबूस कोवळी पालवी लवलवू लागते. कडुनिंबाचेही तसेच. साग मात्र पहिल्या पावसापर्यंत स्वस्थ असतो. गोरखचिंचेसारखा आफ्रिकेतून आलेला महाकाय वृक्ष तर वर्षाचे कित्येक महिने पर्णहीन राहतो. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची तऱ्हा आणखी निराळी. पाने टाकून दिलेल्या अवस्थेतच ती फुलतात. रंगपंचमीचा केशरी रंग आपल्या पूर्वजांनी ज्या पळसाच्या फुलांपासून काढला, तो पळस त्या वेळी बहुधा निष्पर्णच असतो. ज्याला आपण 'वाळलेला' म्हणावे त्यानेच आपल्या सणाला रंग पुरवावा, एवढा एक दृष्टांत विचारी माणसाला पुरे आहे.

उद्दालकाची परीक्षा

छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू याला एका मोठ्या वृक्षाचा दृष्टांत देतो. या वृक्षाच्या मुळाशी घाव घातला, मध्यावर घातला किंवा शेंड्याशी घातला, तरी तो जिवंत असल्यामुळे त्यातून रस पाझरतो. परंतु जीव एखाद्या फांदीला सोडून गेला की ती फांदी वाळते, दुसरीला सोडून गेला की दुसरी वाळते आणि सगळ्या वृक्षाला सोडून गेला की सगळा वृक्ष वाळतो, असा त्या उपदेशाचा आशय आहे. ऋषीला सांगावयाचे होते ते आत्मतत्त्व. पण सांगण्यासाठी त्याने जे निरीक्षण वापरले, ते आजच्या उद्यानतज्ज्ञानेही मान्य करावे इतके नेमके आहे. झाड जिवंत आहे याची खूण पानांत शोधू नये, सालीखालच्या रसात शोधावी. आणि मरण झाडाला एकदम येतेच असे नाही, ते फांदीफांदीने येऊ शकते.

उद्दालकाच्या परीक्षेला कुऱ्हाडीचा घाव नको, नखाचा ओरखडा पुरतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची डहाळी घ्यावी आणि तिची वरची पातळ साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने गव्हाच्या दाण्याएवढी खरवडावी. आत हिरवट, ओलसर थर दिसला तर ती डहाळी जिवंत आहे. चाफा असेल तर चटकन दूध येईल. आत तपकिरी, कोरडे, भुसभुशीत दिसले तर ती डहाळी गेली. पण येथेच थांबू नये. एका डहाळीवरून झाडाचा निर्णय करणे म्हणजे एका नखावरून मनुष्याची प्रकृती सांगणे होय. शेंड्याकडून बुंध्याकडे येत, चारी दिशांच्या फांद्या तपासाव्यात. टोक वाळलेले असून वीतभर खाली हिरवे लागते, असे पुष्कळदा आढळते. मात्र बुंध्याच्या जाड सालीवर हा प्रयोग करू नये. तेथली जखम झाडाला भारी पडते.

दुसरी परीक्षा वाकविण्याची. जिवंत डहाळी लवते, मेलेली कट् करून मोडते. तिसरी डोळ्यांची. डहाळीच्या टोकाशी आणि जुन्या देठांच्या खुणांपाशी जे अंकुर दडलेले असतात, त्यांना माळी 'डोळे' म्हणतात, आणि किती सार्थ शब्द आहे हा! निजलेल्या झाडाचे डोळे मिटलेले पण भरीव, टपोरे असतात; मेलेल्याचे सुकून खपली झालेले असतात आणि बोट लावताच झडतात.

चौथी खूण गळालेल्या पानांची, आणि ती मला सर्वांत उद्बोधक वाटते. निद्रिस्त वृक्षाने पाने सोडलेली असतात; फांदीवर देठांच्या स्वच्छ, कोरीव खुणा राहतात. याउलट, अकस्मात मेलेल्या फांदीवर करपलेली तपकिरी पाने महिनोन्‌महिने लोंबत राहतात, कारण ती सोडून देण्याइतकेही त्राण त्या फांदीत उरलेले नसते. सामान्य माणसाला पाने असलेली फांदी बरी वाटते आणि नसलेली वाईट. फाल्गुनात नेमके उलटे असू शकते. ज्याला सोडता आले तो जगला, ज्याला सोडता आले नाही तो गेला. कीर्तनात वैराग्यावर तासभर बोलूनही जे श्रोत्यांच्या गळी उतरत नाही, ते झाड एका देठात सांगून जाते.

पाचवी परीक्षा शेजाऱ्याची. त्याच जातीची आसपासची झाडे पाहावीत. सगळे पळस फुलले आणि एकच उभा राहिला, सगळ्या सागांना मृगाच्या पावसानंतर पाने आली आणि एकालाच आली नाहीत, तर शंकेला जागा आहे. तथापि दोन पिंपळांच्या पालवीतही काही आठवड्यांचे अंतर पडू शकते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून सहावी आणि शेवटची परीक्षा काळाची. संशय उरला तर पहिले दोन चांगले पाऊस होईपर्यंत थांबावे. मृगाने ज्याला उठविले नाही, त्याच्याविषयी मग बोलावे.

हिरवे दिसते तेही तपासावे

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाने नसलेले झाड जसे मेलेले नसते, तसे हिरवे दिसणारे झाड निरोगी असतेच असे नाही. आमराईत एखादे झाड मोठे हिरवेगार दिसते. जवळ जाऊन पाहावे, तर ती हिरवाई बांडगुळाची असते आणि आंब्याच्या फांद्यांचे शेंडे खंगत चाललेले असतात. संस्थांमध्ये आणि घराण्यांमध्येही असे आंबे आपण पाहतो.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे वृक्षांना रोग होतात, असे सांगून तो त्यांची लक्षणे देतो : पाने फिकी पडणे, कोवळ्या अंकुरांची वाढ थांबणे, फांद्या सुकत जाणे आणि रस गळू लागणे. त्यावर प्रथम शस्त्राने रोगट भाग स्वच्छ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी घालावे, असा उपचारही तो सांगतो. आजच्या शास्त्राला लेपाविषयी वेगळे म्हणावयाचे असेल. परंतु लक्षणांची ही यादी आजही उपयोगी पडते. तिला आणखी काही जोडावीत. शेंड्याकडून खाली सरकणारी मर. सालीचे पोपडे सुटून आतले लाकूड उघडे पडणे. खोडावर भोके आणि त्यांखाली भुशाची रास. आणि बुंध्याशी उगवलेल्या, टोपीसारख्या कठीण अळंब्या. मेलेले लाकूड आतून कुजत असल्याचे ते चिन्ह होय.

पादपाचे पाय

झाडाला संस्कृतात 'पादप' म्हणतात; जो पायांनी पितो तो. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. त्यात वृक्षांना उष्णता जाणवते, ते पायांनी पाणी पितात, त्यांना रोग होतात आणि ते बरेही होतात, म्हणून त्यांच्यात जीव आहे, असे प्रतिपादन आहे. ज्या संस्कृतीने झाडाला पाय आहेत हे ओळखले, तिच्याच देवळांच्या आवारांत आज झाडांचे पाय काँक्रीटमध्ये चिणले जात आहेत, हे सखेद लिहावे लागते.

आमच्या क्षेत्रात घाटावर एक जुना पिंपळ आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या दगडी पाराचे 'सुशोभीकरण' झाले. दगडांच्या सांध्यांतली माती गेली, सिमेंट आले, वर बुंध्याला भिडेपर्यंत गुळगुळीत फरशी बसली. तीन-चार वर्षांत पिंपळाचा शेंडा विरळ झाला. तो म्हातारा झाला, त्याचा काळ भरला, असे लोक म्हणू लागले आणि फाल्गुनात तो उघडा पडला तेव्हा तोडण्याची भाषा निघाली. काही जाणत्यांनी चैत्रापर्यंत धीर धरावयास सांगितले. चैत्रात पालवी आली, पण फक्त खालच्या फांद्यांना. तेव्हा बुंध्याभोवतीची फरशी उखडण्यात आली, माती मोकळी केली गेली. पुढच्या दोन पावसाळ्यांनी पिंपळ पुष्कळ सावरला. वाळलेला शेंडा मात्र परत आला नाही. तो काळजीपूर्वक छाटावा लागला.

यातले कारण साधे आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि ती फांद्यांच्या विस्ताराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिसरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. देवस्थानांना असा आदेश बाहेरून यावयाची वाट पाहावी लागू नये. पाराला फरशी हवीच असेल तर बुंध्याभोवती मोकळी माती ठेवावी. रोषणाईच्या तारा आणि नायलॉनच्या दोऱ्या उत्सव संपताच सोडाव्यात. खोड वाढते, तार वाढत नाही, आणि ती सालीत रुतली की झाडाचा गळा आवळते.

पोकळ खोड आणि पोकळ तर्क

पोकळ झाडाविषयीही मोठा गैरसमज आहे. बृहदारण्यकोपनिषदात वृक्षाची पुरुषाशी तुलना करताना साल म्हणजे त्वचा आणि आतले लाकूड म्हणजे अस्थी, असे म्हटले आहे. झाडाचा गाभा हा बहुतांशी मृत काष्ठच असतो. जिवंत व्यवहार चालतो तो सालीलगतच्या थरांत. म्हणून गाभा कुजून ढोली पडलेले झाड वर्षानुवर्षे पालवत राहते आणि धनेशापासून पिंगळ्यापर्यंत कितीकांना आसरा देते. उलट, गाभा शाबूत असून सालीची एक बांगडी चहूकडून काढली, तर ते झाड हळूहळू मरते.

वडाची गोष्ट तर याहून अद्‍भुत. हावड्याजवळ शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील प्रचंड वटवृक्षाचे मूळ खोड १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनंतर बुरशीने पोखरले आणि अखेर १९२५ साली ते काढून टाकावे लागले. खोड गेले, वड राहिला. आपल्या पारंब्यांवर तो आजही उभा आहे. मधले खोड कुजलेले पाहून त्या वेळी कोणी सगळ्याच वृक्षाचे और्ध्वदेहिक उरकले असते तर?

श्रद्धा आणि परीक्षा

कोणी म्हणेल, बुवांनी भक्ती सांगावी, झाडे खरवडावयाला कशाला शिकवावे? त्यांच्यासाठी एक हकीकत. आता बांगलादेशात असलेल्या फरीदपूर येथे एक कललेला खजुराचा वृक्ष होता. सायंकाळी देवळात घंटा वाजू लागली की त्याचा माथा खाली झुके आणि सकाळी पुन्हा वर उठे. झाड प्रार्थना करते, असे लोक म्हणत. १९१७ साली कलकत्त्यात आपली विज्ञानसंस्था स्थापन करणारे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी यंत्रे लावून त्या वृक्षाचा अभ्यास केला आणि ही हालचाल दिवसाच्या तापमानातील चढउताराने होते, असे दाखविले. यात श्रद्धेचे काय गेले? एक कललेले खोड उष्णतेला इतक्या सूक्ष्मतेने प्रतिसाद देते, हे कळल्यावर नमस्काराचे कारण अधिक दृढ झाले. परीक्षा केल्याने भाव कमी होत नाही; न परीक्षिता केलेला भाव मात्र पुष्कळदा झाडाच्याच मुळावर येतो.

परीक्षेचा निष्कर्ष कधी कठोर निघेल, तोही स्वीकारला पाहिजे. बुंध्याशी अळंब्या आल्या आहेत, झाड नव्याने कलू लागले आहे, एका बाजूची जमीन फुगली किंवा तडकली आहे आणि खाली शाळेची वाट किंवा यात्रेचा मांडव आहे, अशा वेळी 'देवाचे झाड आहे, देव पाहील' असे म्हणून स्वस्थ बसणे ही भक्ती नव्हे. पण तो निर्णय होळीच्या पोरांनी किंवा विश्वस्तांच्या एका बैठकीने परस्पर करावयाचा नसतो. नागरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारशाचा विशेष दर्जा दिला आहे. अन्यत्र १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम अनुसूचित झाडांना लागू आहे. जाणकाराला आणून झाड दाखवावे. छाटणीने भागत असेल तर मुळावर जाऊ नये. आणि रानात, वाटेपासून दूर, खरोखरच मेलेले झाड असेल, तर तेही राहू द्यावे. सुतार पक्षी आणि तांबट त्याच्या वाळक्या लाकडात घरे कोरतात.

आता होळीविषयी. होळीला अग्नी हवा, वृक्षवध नको. गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या, वाऱ्याने पडलेल्या फांद्या यांवर सुंदर होळी होते, आणि ती लहान असली तरी पौर्णिमा काही कमी उजळत नाही. कोकणात अखंड झाड आणण्याची परंपरा आहे, तेथे गावाने ते झाड गावसभेत ठरवावे आणि त्याच्या जागी लावलेली रोपे पुढच्या होळीला मोजावीत. एक दक्षता सर्वांनीच घ्यावी. होळी झाडाखाली किंवा झाडालगत पेटवू नये. आगीची धग लागलेली साल त्या रात्री धड दिसते. आतला जिवंत थर मात्र होरपळलेला असतो आणि ती बाजू काही महिन्यांनी वाळते. तोवर होळीची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

म्हणून गावोगावच्या तरुण मंडळींना माझे सांगणे एवढेच आहे. यंदा कुऱ्हाड खांद्यावर घेण्यापूर्वी डहाळीवर एक ओरखडा काढा. आत हिरवे दिसले, तर त्या झाडाला हात न लावता परत फिरा. तपकिरी दिसले, तर आणखी दोन फांद्या पाहा, आणि तरीही शंका राहिली तर मृगापर्यंत थांबा. ज्येष्ठात त्याच वाटेने जाताना ते झाड पालवलेले दिसेल, तेव्हा फाल्गुनातल्या त्या थांबण्याचे पुण्य किती मोठे होते, हे कोणी सांगावयाची गरज पडणार नाही.